तुटायचा दोरा

माझा सगळा जन्म चुका काढण्यात गेला. चिंचवडच्या एका कंपनीत मी इन्स्पेक्शनला होतो. टेबलावर जॉब, म्हणजे तयार झालेले सुटे भाग, यायचे, मी ते मापाच्या गेजमध्ये घालून बघायचो आणि बसला नाही त्याला लाल ठिपका देऊन बाजूला काढायचो. ही खोड घरीही सुटली नाही. भाजीवाल्याची वांगी, चाळीच्या जिन्याची हलणारी तिसरी पायरी, लग्नपत्रिकेतला वार, सगळं मी तपासायचो. बायको म्हणायची, "मला बघाया आला व्हता तवा बी खिशात लाल रंग घिऊनच आला असाल."

एका बाबतीत मात्र तपासणी वगैरे काही नव्हती, नुसती भीती होती. पाण्याची. मी माण तालुक्यातला. आमच्याकडे नदी म्हणजे वाळू. पाणी असायचं ते विहिरीच्या तळाशी, अंधारात. मी सहा-सात वर्षांचा असताना शेजारची काकू पोहरा ओढता ओढता त्या अंधारात गेली. संध्याकाळी तिला दोर लावून वर काढली, तेव्हा तिचे केस सुटले होते आणि त्यांतून पाणी गळत होतं. त्यानंतर गुडघ्याच्या वर पाणी मी अंगाला लावून घेतलं नाही. कंपनीतले लोक लोणावळ्याला सहलीला गेले की मी सामान सांभाळायला बसायचो. सगळे म्हणायचे काय प्रामाणिक माणूस आहे.

आणि अशा माणसाला बायको मिळाली चाकणच्या बाजूची, भामा नदीच्या काठावर वाढलेली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही कासारवाडीला चाळीत एका खोलीत राहायचो. पवना नदी तिथून चालत दहा मिनिटांवर. आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून आमचा रविवार गुरुवारी यायचा. चाळीत नळ होता, पाणीही बऱ्यापैकी यायचं. पण गुरुवार उजाडला की बायको धुण्याची बादली, टोपली आणि कोपऱ्यातली बांबूची काठी घेऊन नदीवर निघायची. नळाखाली कपडे निघतात, पण नळातून मासा निघत नाही, असं तिचं म्हणणं.

तिची मासे धरायची रीत तिच्या आईची होती, आणि आईची तिच्या आईकडून आलेली. काठीला तंगूस, म्हणजे मासे धरायचा चिवट धागा, बांधलेला, तंगुसाला तरंगायला बूच आणि खाली गळ. गळाला कणकेचा आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा, त्यात चिमूटभर हिंग. गळ पाण्यात टाकला की काठीचं बूड दोन दगडांत रोवायचं आणि त्या बुडाला शिवणाचा साधा दोरा बांधून दोऱ्याचं दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या घोट्याला. मग दोन्ही हातांनी निवांत धुणं आपटायचं. मासा लागला की काठी हलते, दोऱ्याला हिसका बसतो आणि पायाला कळतं. तिच्या माहेरच्या सगळ्या बाया असंच करायच्या. हात धुण्याला, पाय माशाला.

मी तिच्याबरोबर जायचो, कारण घरी बसलो असतो तर जास्त मेलो असतो. काठापासून वीसेक पावलांवर एक बाभूळ होती. तिच्या खोडाला पाठ लावून मी बसायचो. हातात पेपर धरलेला, पण लक्ष सगळं त्या धुण्याच्या दगडाकडे. तो दगड पाण्याकडे उतरता होता आणि खालच्या अंगाला त्यावर शेवाळ होतं. बायको त्यावर अनवाणी, साडी वर खोचून, वाकून कपडे आपटायची. प्रत्येक आपटीला माझी नजर तिच्या टाचांकडे जायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका गुरुवारी जोरात हिसका बसला आणि दोरा तुटला. काठी सुटून पाण्यात गेली आणि डुलत डुलत मध्याकडे निघाली. बायकोने साबण खाली ठेवला, पदर कमरेला गुंडाळला आणि गेली की सरळ आत. गुडघा, कंबर, छाती. मी उठायला गेलो तर पाय उठेनात. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. ती काठी धरून हसत परत आली, तिच्या केसांतून पाणी गळत होतं, आणि मी होतो तिथेच पेपर धरून बसलेलो. माझ्या मांडीवर पेपर ओला झाला होता, घामाने.

घरी आल्यावर मी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून तिच्यावर ओरडलो. मीठ बरोबर होतं.

मग एके दिवशी हिय्या करून म्हणालो, "नदीवर जाणं बंद कर."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या कंपनीत त्या प्रेसनं गेल्या साली एकाची बोटं न्हेली. मी म्हनले का, जाऊ नका?"

 पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो शहाणा मी होतो. बंद करता येत नाही ना, मग सुधारू या, असं मी ठरवलं. कागद घेऊन बसलो आणि दोष लिहून काढले. काठी आखूड, म्हणून तिला पाण्याजवळ जावं लागतं. दोरा कच्चा, म्हणून तुटतो, आणि तुटतो म्हणून ती काठीमागे पाण्यात शिरते. काठी लांब केली आणि दोरा पक्का केला तर बायको कोरडी राहील. मला तो कागद आजही डोळ्यांसमोर दिसतो. कंपनीतल्या कुठल्याही साहेबाने त्यावर सही केली असती.

हायवेच्या कडेला एका चाचांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटरी उघडून त्यात नवी तांब्याची तार भरून द्यायचे. चाचांना स्वतःला गळ टाकून मासे धरायचा नाद, म्हणून दुकानाच्या एका कोपऱ्यात काठ्या, तंगुसाची रिळं, गळाच्या डब्या असा पसारा असायचा. मी एका संध्याकाळी कामावरून सरळ तिथे गेलो आणि म्हणालो, सगळ्यात मजबूत काय आहे ते दाखवा.

चाचांनी तीन काठ्या काढल्या. एक अखंड बांबूची, एक तीन तुकड्यांची, पितळी जोड असलेली, आणि एक हिरवट रंगाची फायबरची, कुठल्याशा परदेशी इंजिनियरने मायदेशी जाताना टाकून दिलेली. मी एकेक काउंटरवर ठेवून लोटून बघितली, सरळ आहे का ते कळायला. अखंड बांबू मध्ये वाकडा निघाला. पितळी काठीचा एक जोड सैल होता. फायबरची सरळ होती, जाडही होती आणि बायकोच्या काठीच्या दुप्पट लांब. ती घेतली. गळ नखावर घासून बघितले, जो घसरला तो बोथट म्हणून नाकारला. मग खिशातून जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला आणि तंगूस मोजला. प्रत्येक रिळाचा तीन तीन ठिकाणी. चाचांच्या दुकानात आलेला एक गिऱ्हाईक हातातली मोटर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"साहेब," चाचा म्हणाले, "मासा मायक्रोमीटर घेऊन नाय येत."

शेवटी त्यांनी एक जुनी पितळी चक्री काढली. काठीला बसवायची, तंगूस तिच्यावर गुंडाळायचा. तिच्या अंगाला एक चावी होती. चाचांनी ती सैल करून तंगूस ओढून दाखवला, चक्री करकरत सुटली. "हा क्लच. हा नेहमी ढिला ठेवायचा. मोठा मासा लागला आणि ओढाया लागला, तर चक्री सुटली पायजे. त्याला पळू द्यायचा."

मी चावी घट्ट फिरवली आणि ओढून बघितलं. तंगूस हलला नाही. मला बरं वाटलं. आमच्या कंपनीत क्लच सरकला की त्याला दोष म्हणतात.

चाचांनी माझ्या हातातून चक्री घेतली, चावी परत सैल केली. "अहो, ती फ्यूजची तार बारीक का असते? तिच्या जागी खिळा ठोकाल तर मोटर जळंल ना! अशाच मोटरी येतात माझ्याकडं. रोज येतात."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, दुकानदार आहे, बोलणारच. चाळीत फ्यूज उडाला की जाडी तार घालणारा मीच होतो. घरी जाताना रस्त्यातच मी क्लचची चावी आवळली, आणि घरी पोचल्यावर पकडीने आणखी अर्धा आटा.

बायकोला काठी आवडली. चाळीच्या गॅलरीत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचत होती. "एवढी लांब? पल्याडच्या काठावरलं मासं धरायचं का?" असं म्हणाली, पण गॅलरीतच एका गुरुवारात तिला चक्री गुंडाळायला यायला लागली. तेवढ्यात पाऊस लागला. सगळा पावसाळा ती नदीवर गेली नाही, पाणीच तसं होतं, आणि मी चार महिने सुखाने झोपलो. दसरा झाला, पाणी थोडं उतरलं, तशी ती पुन्हा निघाली.

आणि पहिल्याच गुरुवारी माझी सगळी योजना पाण्यात गेली. लांब काठी घेऊन ती लांब उभी राहील असं मी धरून चाललो होतो. तिने काठीचं बूड दगडांत रोवलं, त्याला तोच शिवणाचा पांढरा दोरा बांधला, दोरा घोट्याला बांधला आणि गेली त्याच उतरत्या दगडावर धुणं आपटायला. मी बाभळीखाली बसून तो दोरा बघत होतो. नदी अजून गढूळ होती, ओढ होती. हा दोरा तुटणार, काठी वाहत जाणार आणि ही तिच्यामागे जाणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या टोपलीतला वीतभर दोरा खिशात घालून कामावर नेला. आमच्या टेस्टिंग रूममध्ये ओढ मोजायचं मशीन होतं, स्प्रिंगा आणि तारा तपासायचं. जेवणाच्या सुट्टीत मी तो दोरा त्यात लावला. काटा जेमतेम हलला आणि दोरा तुटला. दोन किलोसुद्धा नाही.  माझी बायको या दोन किलोच्या भरवशावर! मग पेट्या बांधायची नायलॉनची बारीक दोरी लावली. काटा चढत गेला. वीस, चाळीस. साठावर मीच थांबवलं. दोरीला काही झालं नव्हतं. इतकं समाधान मला त्या वर्षात दुसऱ्या कशाने मिळालं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी सकाळी नदीवर मी बाभळीकडे गेलो नाही. म्हणालो, "आज मी बांधतो."

काठीच्या बुडाला मी नायलॉन आधीच बांधून ठेवलं होतं. तिच्यापुढे खाली बसलो आणि तिचा पाय हातात घेतला. बायको लाजेने लाल झाली. नवऱ्याने बायकोचा पाय धरायचा, तोही उघड्यावर! तिने तोंडाला पदर लावला आणि मान फिरवून मागे बघितलं, कोणी येतंय का म्हणून. "अवो, काय करताय? कुनी बगंल की." ती लाजली म्हणून तिने खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला कळलं असतं. मी निरगाठ मारली, एकावर एक तीन.

मग बाभळीखाली येऊन बसलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर पेपर वाचायला लागलो.

आवाज कसला झाला ते मला सांगता येत नाही. काठी दगडांतून निघाल्याचा असेल. वर बघितलं तर हिरवी काठी पाण्यावरून तीरासारखी चालली होती. बायको एका पायावर होती, दुसरा पाय कोणीतरी खालून ओढल्यासारखा पुढे. मग ती पाठीवर पडली, शेवाळावरून घसरली आणि गेली.

ती पट्टीची पोहणारी. भामेच्या पुरात उड्या मारलेली. मी मनात म्हणत होतो, येईल, आत्ता वर येईल. डोकं वर आलं, तोंड उघडलं, परत खाली गेलं. परत आलं, परत गेलं. काठी कुठेतरी पाण्यातल्या फांद्यांत अडकली होती. नदीची ओढ तिला प्रवाहाबरोबर पुढे नेत होती आणि दोरी तिला पायाने मागे खेचत होती. पोहणारं माणूस पायाला बांधलं की पोहत नाही. ती तिसऱ्यांदा वर आली तेव्हा एकच शब्द ओरडली, "दोरा!"

दोरा तुटणार नव्हता. तो साठ किलो घेत होता आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

तिच्या टोपलीत मासे साफ करायची सुरी असायची. आम्हा कंपनीवाल्यांच्या घरी असते तशीच, लोखंड कापायच्या तुटक्या हॅक्सॉ ब्लेडला धार लावून मुठीला चिंधी गुंडाळलेली. ती माझ्या हातात कधी आली आठवत नाही. पाणी आठवतं. घोट्याला लागलं तेव्हा मी रडायला लागलो होतो, हे खरं सांगतो. कमरेपर्यंत आलं तेव्हा पायाखालचा गाळ सरकत होता, आणि मला ती विहीर दिसत होती. छातीपर्यंत आलं तेव्हा माझ्या हाताला तिची वेणी लागली. मी ती हाताला गुंडाळली आणि ओढली. तिचं तोंड वर आलं. दुसऱ्या हाताने सुरी घेऊन मी खाली तिच्या पायाकडे वाकलो आणि माझंही डोकं पाण्यात गेलं.

नायलॉन लवकर कापलं जात नाही. गुळगुळीत असतं, सुरी घसरते. मी किती वेळा घासली माहीत नाही. मधेच सुरी तिच्या पायाला लागली, तेही मला नंतर कळलं. मग हातातला ताण एकदम गेला आणि आम्ही दोघं मिळून वाहायला लागलो. खालच्या अंगाला वळणावर वाळू होती. तिथे तिनेच मला ओढून काढला. मी तिला वाचवलं असं चाळीत सगळे म्हणाले. शेवटची दहा पावलं कोणी कोणाला आणलं ते आम्हाला दोघांनाच ठाऊक आहे.

ती खूप वेळ खोकत होती. पाणी ओकली. मग बसली आणि पाय जवळ घेऊन बघितला. घोट्याला रक्त येत होतं आणि तीन निरगाठींचं नायलॉन अजून तसंच होतं. तिने त्याला बोट लावलं.

"ह्ये काय हाय?"

मी म्हणालो, "दोरी. नायलॉनची."

"आन् माझा दोरा?"

"कच्चा होता. तुटतो. मी मशीनवर लावून बघितला." माझे दात वाजत होते. "तुटला की तू पाण्यात जातेस, म्हणून..."

 ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माहेरच्या एखाद्या अडाणी पोराला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "अवो, त्यो तुटायलाच बांदत्यात. बारका मासा असंल तर दोरा धरतो. मोटा लागला तर दोरा तुटतो. मासा जातो, काटी जाती, बाई ऱ्हाती."

मग तिने गुडघ्यांत डोकं घातलं आणि तेव्हा कुठे थरथरायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो आणि ठेवला नाही. माझ्या हातात अजून ती सुरी होती.

पाय बरा व्हायला तीन गुरुवार गेले. त्या दिवसांत मी कंपनीत दोन वेळा बाद जॉब पास केले आणि साहेबांची बोलणी खाल्ली. गेज हातात घेतला की मला तो मशीनचा काटा दिसायचा, चढत जाणारा, आणि त्याकडे बघून खूश होणारा मी. भीतीने माणूस मागे राहतो हे मला माहीत होतं. भीती दुसऱ्याच्या पायात बांधता येते हे माहीत नव्हतं.

चौथ्या गुरुवारी तिने कोपऱ्यातली जुनी बांबूची काठी काढली.  मला बोलायचा हक्कच राहिला नव्हता. नदीवर गेल्यावर तिने काठी रोवली, टोपलीतलं दोऱ्याचं रीळ माझ्या हातात दिलं आणि पाय पुढे केला. घोट्यावर आता दोन खुणा होत्या, एक दोरीची आणि एक माझ्या सुरीची.

"बांदा," ती म्हणाली. या वेळी तिने मागे वळून बघितलं नाही, खाली बघत होती.

मी दोरा काढला आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. तुटला. दुसरा काढला. तुटला. तिसरा, चौथा.

"आता समदं रीळ तोडता का काय?"

पाचवा बांधला. गाठ दोनदा सुटली, दोनदा पुन्हा मारली. मग मी बाभळीकडे न जाता त्याच दगडाच्या वरच्या अंगाला बसलो, तिच्या हाताच्या अंतरावर. पाणी माझ्या चपलांपर्यंत येत होतं. भीती कमी झाली नव्हती. आजही, एवढ्या वर्षांनी, ती नदीवर गेली की माझ्या तोंडाला कोरड पडते.

तासाभराने हिसका बसला. काठी वाकली, पांढरा दोरा ताठ झाला आणि मी बघतोय तोवर तुटला. आवाजसुद्धा झाला नाही. काठी दगडांतून सुटली, पाण्यावर पडली आणि निघाली. बायको उठून उभी राहिली होती, आणि तिचं मनगट मी दोन्ही हातांनी धरलं होतं. आम्ही बघत राहिलो. काठी मध्याला गेली, वळणावर थोडी अडखळली आणि दिसेनाशी झाली.

"गेली," मी म्हणालो.

"गेली," ती म्हणाली. नदी होती तशी वाहत होती. मी मनगट धरूनच होतो. तिच्या बांगड्या माझ्या बोटांखाली दबल्या होत्या.

"आता सोडा की," ती हळूच म्हणाली. "मी हाय हितंच."

मला एकेक बोट उचलावं लागलं.